दोनशे चौदावं पान

१

दोरखंडांच्या त्या पेढीवरून मला निरोप आला तो असा: सहा वर्षांपूर्वीच्या खातेवहीतलं एक पान कुणीतरी कापून नेलंय, चोर बहुधा मुनीमच आहे, येऊन तेवढं सिद्ध करून द्या.

तेवढं! जसं काही मी भाजी निवडायला चालले होते. चाळीस वर्षं लोकांचे हिशोब तपासले मी, आता निवृत्त आहे, गुडघे कुरकुरतात, आणि राग पहिल्यापासूनच नाकाच्या शेंड्यावर असतो. पण त्या पेढीचं नाव ऐकलं आणि चप्पल पायात सरकवली. कारण ते मुनीम म्हणजे माझे काका. नात्यातले नव्हेत. विसाव्या वर्षी मला हिशोब लिहायला शिकवणारे.

पेढीच्या दारात सुतळीचे गठ्ठे, आत छतापर्यंत ताडपत्र्या आणि सगळीकडे तागाचा तो कोरडा, नाकात शिरणारा वास. पेढी दोघांच्या मालकीची होती. निम्मी मालकीणबाईंची, त्यांचे यजमान गेल्यापासून. निम्मी त्यांच्या धाकट्या दिरांची. निरोप दिरांचा होता.

"बसा," ते म्हणाले. "मुनीम शनिवारी निवृत्त होतायत. वर्षभराचा पगार निरोप म्हणून द्यायचं ठरलं होतं. आता एक पैसा मिळणार नाही."

"आधीच सांगून ठेवते," मी म्हटलं. "ते माझे गुरू आहेत. चालणार नसेल तर ही मी निघाले."

"चालेल की. तुम्हीच सिद्ध केलंत म्हणजे कुणाची बोलायची टाप नाही."

त्यांनी जाड वही माझ्यापुढे सरकवली. चारशे पानं, कापडी पाठ. काकांची पद्धत मला माहीत होती, आकडा पानाच्या दोन्ही बाजूंना मिळून एकच. २१३ नंतर सरळ २१५. मधे बोटभर रुंदीची पट्टी उरलेली, सरळसोट कापलेली.

"चोरी कुणाच्या लक्षात आली?"

"वहिनींच्या. काल बुधवार, दुपारी पेढी बंद असते. त्या धूळ झटकत होत्या."

मी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला. खरं तर तिथंच थांबायला हवं होतं. पण मी त्या कापलेल्या कडेकडे बघत बसले होते. पट्टी लावून, शिवण सैल होणार नाही इतक्या बेतानं कुणीतरी पातं चालवलं होतं. ज्याला पुरावा नाहीसा करायचा असतो तो फाडतो. हे पान कुणीतरी जपून काढलं होतं.

२

काका त्यांच्या कोपऱ्यात पेन्सिलीला टोक करत बसले होते. एकाहत्तर वर्षांचे, पण पाठ अजून पट्टीसारखी.

"आलीस?" ते म्हणाले. "वजन वाढलंय तुझं."

"तुमची जीभ आहे तशीच आहे. काका, पान कुणी कापलं?"

"मला काय माहीत?"

आता या माणसाची गोष्ट सांगते. शिकत असताना एकदा मी चुकलेला आकडा पात्यानं खरवडला होता. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "चूक झाली तर एक रेघ मार, शेजारी बरोबर लिही. चूक दिसली पाहिजे. वही म्हणजे कुणाचं तरी खरं असतं, ते खरवडायचं नसतं." एका आकड्यापायी एवढं! आणि आज त्यांच्या वहीचं अख्खं पान गेलं होतं, चोर म्हणून बोटं त्यांच्याकडे वळली होती, आणि हे महाशय पेन्सिलीचं टोक बघत होते.

"काका, तुम्हाला राग नाही आला?"

"वय झालं. राग येत नाही हल्ली."

एवढ्यात हमालानं बाहेर सुतळीचा एक गठ्ठा धप्पकन टाकला आणि काका असे कडाडले, की तो बिचारा दोन पावलं मागे गेला.

राग शाबूत होता. म्हणजे काका खोटं बोलत होते आणि फार वाईट बोलत होते. त्यांना चोर ठाऊक होता.

३

मग मी जुनी रोजकीर्द मागवली.

ज्यांनी वह्या लिहिल्या नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द. रोजचा व्यवहार आधी रोजकीर्दीत उतरतो, तारखेनं, जसा घडला तसा. तिथून तो खातेवहीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायचा. याला म्हणायचं खतावणी. आणि चढवून झालं, की रोजकीर्दीतल्या अरुंद रकान्यात खातेवहीच्या पानाचा आकडा टाकायचा. तो आकडा म्हणजे पोचपावती, की हे काम झालं.

म्हणजे २१४ वं पान कापलं तरी त्यावरचा प्रत्येक व्यवहार रोजकीर्दीत जिवंत होता. ज्या ज्या नोंदीपुढे २१४ लिहिलंय ती उचलायची, झालं.

एकसष्ट नोंदी निघाल्या. सगळ्या एकाच माणसाच्या, सुतळी पुरवणाऱ्या व्यापाऱ्याच्या. दुपारी तीनपर्यंत मी अख्खं खातं नव्या कागदावर उभं केलं. बाकी काढली. ती त्या वर्षीच्या तेरजेशी, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाक्यांच्या यादीशी ताडली. पैशाला पैसा जुळली. मग व्यापाऱ्याच्या जुन्या पावत्या काढल्या. त्याही जुळल्या.

"चोरी झालेली नाही," मी दिरांना सांगितलं. "कुठे एक पैसा इकडचा तिकडे नाही."

त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. "मग पान कापलं कशाला?"

"ते माहीत नाही अजून."

"मग माझं म्हणणं कायम. वही त्यांच्या ताब्यात, पान गायब, जबाबदार तेच. शनिवारी कापणाऱ्याचं नाव द्या, नाहीतर पैसे विसरा. आणि पेढीवरून जाताना त्यांना हार वगैरे काही नाही."

अस्सा राग आला म्हणता! पैशांचं एक वेळ राहू दे. पण बेचाळीस वर्षं ज्या उंबऱ्यावरून हा माणूस आत आला, त्यावरून त्यानं चोरासारखं बाहेर पडायचं?

मी पुन्हा खाली बसले आणि स्वतःलाच विचारलं: बाई गं, आकडे सगळे रोजकीर्दीत आहेत. मग त्या पानावर असं काय होतं जे रोजकीर्दीत नाही?

उत्तर माझ्या नाकासमोर होतं. मी सकाळपासून एकसष्ट वेळा त्याच्यावरून बोट फिरवलं होतं. नोंदी काकांच्या अक्षरात होत्या, ते टोकदार, उभं अक्षर मी झोपेतही ओळखेन. पण अरुंद रकान्यातले ते २१४ काकांचे नव्हते. त्यातल्या प्रत्येक दोनच्या शेपटीला एक छोटीशी गाठ होती.

४

ती गाठ बघून मी सावध झाले, कारण काकांची शिकवण्याची रीत मला माहीत होती. नव्या माणसाला ते पहिलं वर्षभर एकच खातं देत. एकच. "एका माणसाशी नीट वाग, मग चारशेंशी वागशील," म्हणत. मला खिळेवाल्याचं दिलं होतं. त्या खात्याची खतावणी मी करायची, पानाचा आकडा मी टाकायचा, बाकी कशाला हात लावायचा नाही. वर्ष संपेपर्यंत त्या खिळेवाल्याचा चेहरा न बघता मला तो सख्ख्या मामासारखा वाटायला लागला होता.

म्हणजे सहा वर्षांपूर्वी काकांकडे कुणीतरी शिकाऊ होतं. आणि अख्ख्या पेढीच्या सगळ्या वह्यांमध्ये त्याच्या अक्षरात लिहिलेलं असं एकच पान होतं.

"काका, सुतळीवाल्याचं खातं कुणाला दिलं होतंत?"

"आठवत नाही."

वीस वर्षांपूर्वीचा ताडपत्रीचा भाव सांगणारा हा माणूस!

संध्याकाळी मालकीणबाईंनी चहाला वर बोलावलं. पेढीच्या डोक्यावरच त्यांचं घर. स्वच्छ, मोजकं सामान. फोनशेजारी भिंतीवर नंबरांची एक यादी चिकटवलेली, शाई उडालेली, कडा पिवळ्या. दूधवाला, डॉक्टर, गॅस. मी चष्मा वर केला. प्रत्येक दोनच्या शेपटीला गाठ.

"कुणी लिहिलीय ही?"

"लेकीनं." त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला. "चार वर्षं झाली तिला जाऊन. आजारपण फार दिवस नव्हतं. निम्मे नंबर आता लागतही नाहीत, पण काढवत नाही."

"पेढीवर बसायची ती?"

"लग्नानंतर बसायला लागली. वर्षभर मुनीमांकडे शिकली, मग घरच्या कामात अडकली. दोघंही इथंच राहायची, जावई अजून राहतो. मुलासारखा आहे. पुढच्या महिन्यात लग्न आहे त्याचं, मीच जमवलंय. पस्तिशीतला माणूस, किती दिवस एकटा राहणार? तो नाही नाही म्हणत होता. मी म्हटलं, पुरे आता मागे बघणं."

बोलताना त्या भिंतीकडे न बघण्याची फार काळजी घेत होत्या.

खाली आले तर काका टोपी घालून निघाले होते. मी वाट अडवली. "काका, पान बाईंच्या लेकीच्या हातचं होतं."

ते थांबले. टोपी काढून हातात घेतली. "शनिवारी मी चाललो," ते म्हणाले. "कुणाचं घर नव्यानं बसत असेल तर माझ्या नावाला एक डाग लागला म्हणून काय बिघडतं? तू यात पडू नकोस, पोरी."

कुणाचं घर बसतंय, हे आता मला कुणी सांगायला नको होतं. पण माझ्या मनातलं काही पुरावा नसतो, आणि मला हवा होता पुरावा.

५

शुक्रवारी सकाळी जावयासमोर जाऊन बसले. शांत, पडेल खांद्यांचा माणूस. पेढीत संगणक आणला तो त्यानंच, आणि जुन्या वह्या महिनाअखेर रद्दीत द्यायचंही त्यानंच ठरवलं होतं.

"यात कधीपासूनचे हिशोब भरलेत?" मी विचारलं.

"गेल्या वर्षापासूनचे."

"सुतळीवाल्याचं खातं दाखवा बरं."

त्याचं बोट कळीवर अडलं. मग त्यानं ते उघडलं. खातं गेल्या वर्षापासून सुरू होत नव्हतं. सहा वर्षांपूर्वीचं ते एक वर्षही वर होतं, एकसष्टच्या एकसष्ट नोंदी.

"एवढ्या एकाच खात्याचं जुनं वर्ष?"

"पेढीचं नुकसान नको म्हणून..." तो अडखळला. "म्हणजे, रोजकीर्दीवरून भरलं."

"रोजकीर्दीवरून?" मी माझा कागद त्याच्या पडद्याशेजारी धरला. "ही बघा अठरावी नोंद. रोजकीर्दीत पाच हजार चारशे आहेत. तुम्ही टाकलेत चार हजार पाचशे. आणि त्याखाली एक जास्तीची ओळ, चुकीची दुरुस्ती, नऊशे. ही ओळ रोजकीर्दीत नाहीच. आकडे उलटे पडले ते खतावणी करताना, आणि काकांनी ते तिथल्या तिथं, त्या पानावरच दुरुस्त करायला लावले. ती चूक जगात एकाच कागदावर होती. तो कागद समोर ठेवल्याशिवाय ती तुमच्या संगणकात येणार कुठून?"

त्यानं चेहरा दोन्ही हातांनी झाकला. मग खालचा खण उघडला. पारदर्शक पिशवीत, पुठ्ठ्याच्या आधारानं, एकही सुरकुती न पडू देता ठेवलेलं पान.

"तिची चूकसुद्धा गाळवली नाही हो मला," तो म्हणाला.

मी पान हातात घेतलं. दोनच्या गाठीच गाठी. अठराव्या ओळीशी काकांची लाल शाई: 'घाई करू नये.' आणि त्याखाली पेन्सिलीनं, बारीक अक्षरात: 'काका, सकाळचा चहा वेळेवर पाजा, घाई करणार नाही.'

मला हसू आलं आणि डोळेही भरले. चाळीस वर्षांत हिशोबाच्या वहीनं माझं असं कधी केलं नव्हतं.

"भिंतीवरची यादी आईंची आहे, तिच्या हातचं माझ्याकडे दुसरं काही नाही," तो म्हणाला. "फोनवर बोलायचो आम्ही, पत्रं कोण लिहितं? वह्या रद्दीत जायच्या होत्या. म्हटलं एक पान. कुणाला कळणार? मग आईंना कळलं."

"मग सांगायचं नाही का?"

"कसं सांगू? त्यांनी स्वतः होऊन माझं लग्न जमवलं, स्वतःच्या मुलीच्या जागी. किती जड गेलं असेल त्यांना. आणि मी अजून तिची पानं कापतोय म्हटल्यावर... काकांना गाठून सगळं सांगितलं होतं मी. ते म्हणाले, गप्प बस, मी बघतो."

"छान बघतायत! चोर म्हणून बाहेर पडतायत उद्या."

"मी रात्रभर झोपलेलो नाही," तो म्हणाला.

"मी कुणाचं नाव घेणार नाही," मी उठत म्हटलं. "घ्यायचं असेल तर तुम्ही घ्या. उद्या अकरा वाजता."

६

शनिवारी अकराला आम्ही पाच जण पेढीच्या मागच्या खोलीत होतो. काका स्वच्छ सदरा घालून आले होते. दिरांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं.

"हं, बोला. मुनीमांनी कापलं की नाही?"

"मी कापलं," काका म्हणाले.

"काका, नाही," जावई उभा राहिला. पिशवी टेबलावर ठेवली. "मी कापलंय. काकांचा काही संबंध नाही. हे तिनं लिहिलेलं पान आहे. मला हवं होतं."

दिरांनी पानाकडे बघितलं, पुतणीचं अक्षर त्यांनी ओळखलं असावं.

जावई सासूकडे वळला. "आई, माफ करा. तुम्ही म्हणालात मागे बघू नकोस. मी प्रयत्न करतोय. खरंच करतोय."

मालकीणबाई पुतळ्यासारख्या बसून होत्या. आणि मला तेव्हा, लाज वाटते सांगायला, दोन दिवस उशिरा, तो पहिल्या दिवशीचा प्रश्न सुचला.

"मालकीणबाई," मी म्हटलं, "एक विचारू? वही सहा वर्षं जुनी. चारशे पानांची. बंद होती, फळीवर होती. बाहेरून धूळ झटकताना आतलं दोनशे चौदावं पान नाही, हे तुम्हाला कळलं कसं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग जावयाकडे. आणि इतके दिवस आवरून धरलेलं सगळं एकदम सुटलं.

"दर बुधवारी बघते रे मी ते," त्या म्हणाल्या. "दुपारी पेढी बंद असते, तू बाहेर जातोस. तेवढ्यात येते. चार वर्षं. तो चहाचा खोडसाळपणा वाचते आणि वही ठेवून देते. तुला दिसू नये म्हणून. म्हटलं, मीच रडत बसले तर हा पोरगा पुढे कसा जाणार?"

"आणि मला वाटलं, मी रडलो तर तुम्ही..." तो तिथंच खाली, त्यांच्या पायाशी बसला, आणि त्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. एका छपराखाली दोघं चार वर्षं, एकच दुःख एकमेकांपासून लपवत होती.

काकांनी खाकरून घसा साफ केला. त्यांचेही डोळे वाहत होते, पण आवाज फौजदाराचा. "वहीचं पान वहीत जाईल. खळ आणा. आणि ही वही रद्दीत जाणार नाही, ती बाईंच्या कपाटात जाईल."

"आणि तिला दाखव ते," मालकीणबाई जावयाला म्हणाल्या. "येणाऱ्या मुलीला. काही लपवून संसार मांडू नकोस. आपल्याला पुरे झालं लपवणं."

दिरांनी खिशातून पाकीट काढून काकांपुढे धरलं. "मुनीम, चुकलो मी."

"चुकलात," काका म्हणाले. "आधी रक्कम दिल्याच्या प्रमाणकावर सही करा, त्याशिवाय मी पैशाला हात लावणार नाही." आणि स्वतःच्या निरोपाच्या रकमेची नोंद, पेढीतली त्यांची शेवटची, त्यांनी स्वतःच्या हातानं रोजकीर्दीत केली. मग हार झाला. तो मात्र त्यांनी निमूट घालून घेतला.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी, एका बुधवारी दुपारी मी तिकडून जात होते. पेढी बंद, पण मागचं दार उघडं दिसलं म्हणून डोकावले. मालकीणबाई आणि जावई चहा घेत होते. मधे ती जुनी वही उघडी होती, दोनशे चौदाव्या पानाला पट्टी चिकटवलेली. आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्या घरात नवीन आलेली मुलगी कोरी वही घेऊन बसली होती. डोक्यावर काका उभे.

"तुम्ही निवृत्त झालात ना?" मी म्हटलं.

"बुधवारचा येतो. संगणक राहू दे त्यांचा, हातानं एक खातं लिहिल्याशिवाय कुणाला हिशोब येत नाही."

मुलगी मान वर करून हसली. "मला एकच खातं देतात हो. म्हणतात, वर्षभर दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही."

"कुणाचं दिलंय?"

"सुतळीवाल्याचं," ती म्हणाली, आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. मालकीणबाईंनी उठून तिच्यासाठी चहा ओतला आणि कप तिच्या हाताशी नेऊन ठेवला.

"घे गं आधी," त्या म्हणाल्या. "नाहीतर घाई होते."